मध्ययुगीन ग्रँड स्ट्रॅटेजी: हुकूम न ऐकणारे सरदार खेळात का नाहीत?

तटावरून (धागाकर्ता)

क्रुसेडर किंग्ज ३ या मध्ययुगीन राज्य चालवायच्या कॉम्प्युटर खेळात १०६६ चा विल्यम घेऊन दोन महिने खेळतोय. १५ सप्टेंबरला खेळ सुरू होतो तेव्हाच हा नॉर्मंडीचा ड्यूक इंग्लंडवर निघालेला असतो. इंग्लंडच्या हॅरल्ड राजाला हरवलं, मुकुट मिळाला, मग वेल्स, मग ब्रिटनी, मग स्कॉटलंडचा दक्षिण भाग. ११०५ च्या सुमाराला नकाशा लांबून बघितला आणि खेळ तिथेच सेव्ह करून बंद केला. हरण्याची शक्यताच उरली नव्हती. पुढची साडेतीनशे वर्षं फक्त रंग पसरवत बसायचं.

अशा वेळी आपण म्हणतो की बॅलन्स गंडलाय. मग चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. एक बाजू म्हणते, इतिहास तंतोतंत पाळला तर मजा जाईल. दुसरी म्हणते, मजेसाठी इतिहास वाकवू नका. मला हल्ली या भांडणाचा पायाच चुकीचा वाटायला लागलाय. मध्ययुगात राज्यं सहजी वाढत नव्हती आणि वाढली तरी टिकत नव्हती. म्हणजे ब्रेक इतिहासातच होते. खेळाने ते काढून टाकले आणि त्यांच्या जागी आकड्यांचे दंड बसवले. हे दंड टोचतात, पण अडवत नाहीत.

दोन ब्रेक मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. दिलेला हुकूम पाळला जाईलच याची राजाला खात्री नसायची, आणि राजाला फार थोडं ठाऊक असायचं.

१२२६ मध्ये फ्रान्सचा आठवा लुई आविन्योंला वेढा घालून बसला होता. शॅम्पेनचा काउंट चौथा थिबो आपली माणसं घेऊन हजर होता, कारण सरंजामी रिवाजाने त्याच्यावर चाळीस दिवसांची चाकरी होती. चाळीस दिवस भरले, थिबोने तंबू आवरले आणि तो घरी गेला. वेढा चालूच होता, छावणीत रोगराई होती, राजा संतापला होता. तरी गेला. शहर सप्टेंबरात शरण आलं, आणि परतीच्या वाटेवर नोव्हेंबरात राजाच आजारपणात वारला.

आता हेच खेळात बघा. आपण एक बटण दाबतो, सगळ्या व्हॅसलांच्या (आपल्या हाताखालच्या सरदारांच्या) लेव्ही, म्हणजे त्यांनी पुरवायच्या फौजा, एका जागी गोळा होतात आणि तिजोरीत सोनं असेपर्यंत उभ्या राहतात. वर्षभर, दोन वर्षं, कितीही. क्रुसेडर किंग्ज २ मध्ये निदान लेव्ही फार काळ उभ्या ठेवल्या की त्या त्या सरदाराचं आपल्याबद्दलचं मत घसरत जायचं. तिसऱ्या भागात तेही गेलं. थिबो या खेळात जन्मालाच येऊ शकत नाही.

११५९ चं उदाहरण तर मला त्याहून आवडतं. इंग्लंडचा दुसरा हेन्री मोठी फौज घेऊन तुलूझवर आला. फ्रान्सचा सातवा लुई थोडी माणसं घेऊन शहरात जाऊन बसला. हेन्रीकडे बळ होतं. पण नॉर्मंडी, आंजू, आक्विटेन या मुलखांपुरता लुई त्याचा धनी होता. धन्यावर हात उगारला तर उद्या आपले सरदार आपल्यावर उगारतील, हे हेन्रीला कळत होतं. त्याने हल्ला केला नाही, शेवटी वेढा उठवला. खेळात शत्रूचा राजा थोडक्या माणसांनिशी तटाआड सापडला तर आपण काय करू ते सांगायला नको.

माहितीचं तर विचारूच नका. सरदाराच्या चेहऱ्यावर माउस नेला की तो आपल्यावर किती खूश आहे ते बेरीज-वजाबाकीसकट दिसतं. शेजाऱ्याची फौज किती, तिजोरी किती, त्याची मैत्री कुणाशी, सगळं उघडं. असं ज्ञान कुठल्या राजाला होतं?

मला खेळ अवघड करून नको आहे. एआयला फुकटचं सैन्य देऊन खेळ अवघड होतोच. पण राजा असण्यातली जी खरी अडचण, ती खेळात यावी असं फार वाटतं. तुमचा काय अनुभव?

मोहीमवेडी

धागा आवडला, पण निम्मंच पटलं.

इतिहासात जे घडलं ते खेळात जसंच्या तसं आणलं तर काय होईल याचं माझं नेहमीचं उदाहरण म्हणजे व्हाइट शिप. २५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री बार्फ्लरहून निघालेलं ते जहाज खडकावर आपटलं आणि इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा बुडाला. पुढे हेन्रीने ११२७ मध्ये सरदारांकडून मुलगी मटिल्डाच्या बाजूने शपथा घेतल्या. ११३५ ला तो वारला आणि शपथ घेणाऱ्यांपैकीच एक, त्याचा भाचा स्टीफन, लंडनला जाऊन मुकुट घालून मोकळा झाला. यादवी जवळजवळ वीस वर्षं चालली.

कथा म्हणून अप्रतिम. पण मी तीस तास घालवून एक वारस घडवला, त्याचं शिक्षण बघितलं, तीन दरबारांत खटपट करून लग्न जुळवलं, आणि एका संध्याकाळी पडद्यावर चौकट आली की जहाज बुडालं, तर मी खेळ काढून टाकीन. ती माझी चूक नसेल, आणि सावध राहून टाळताही आली नसती. इतिहास कुणाशी न्यायाने वागायला बांधलेला नाही. खेळ आहे. मी हरले तर का हरले हे मला नंतर तरी कळलं पाहिजे, ही माझी बॅलन्सची व्याख्या.

तुमचा थिबो मला चालेल, कारण त्याचे चाळीस दिवस मला आधी ठाऊक आहेत. मी मोहीम त्या हिशोबाने आखीन. बुडणारं जहाज नको. या दोन्हींना एकाच 'वास्तववाद' नावाखाली घालू नका.

दप्तरदार

मोहीमवेडी यांच्या मुद्द्याला जोडून. वास्तव किती आणायचं हे बऱ्याचदा काळाच्या हिशोबावर येऊन अडतं, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

मेडिव्हल २: टोटल वॉर हा खेळ २००६ चा. अजूनही माझ्या मशीनवर आहे. मोहीम १०८० ते १५३०, म्हणजे ४५० वर्षं, आणि टर्न (खेळायच्या पाळ्या) २२५. एका टर्नला दोन वर्षं. पण त्यातले सेनापती टर्नला दोन वर्षांनी म्हातारे होत नाहीत, अर्ध्या वर्षाने होतात. म्हणजे जग साडेचारशे वर्षं पुढे जातं आणि त्याच टर्नांत माणसांचं वय जेमतेम ११२ वर्षं वाढतं. बंदुकीची दारू येते, अमेरिका सापडते आणि मधे फक्त चार-पाच पिढ्या गेलेल्या असतात.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला ढोबळ चूक वाटली होती. मग एकदा फाइलमध्ये जाऊन आकडा बदलला, दोन वर्षांच्या टर्नला दोन वर्षं वय केलं आणि फ्रान्स घेऊन बसलो. वीस वर्षांचा सेनापती तयार झाला, पायी आंतिओककडे निघाला. वाटेत दोन वेढे, एक पूल अडवलेला. पोहोचला तेव्हा म्हातारा होता. वाटेतच त्याची जागा घ्यायला दुसरा पाठवावा लागला आणि तोही पिकलेला. पहिल्या क्रुसेडची माणसं १०९६ ला निघाली आणि १०९९ च्या जुलैत जेरुसलेम त्यांच्या ताब्यात होतं. तीन वर्षं! माझ्या 'सुधारलेल्या' खेळात तेवढ्याला पिढी गेली.

म्हणजे मूळ खेळ काढणाऱ्यांनी वय आणि कॅलेंडर वेगळं केलं ते अज्ञानाने नव्हे. एक गोष्ट खरी ठेवायची तर दुसरी वाकवावी लागत होती. माणसाचं आयुष्य आणि मोहिमेची लांबी यांचं नातं त्यांनी बऱ्यापैकी राखलं आणि त्याची किंमत कॅलेंडरने मोजली. मला हा निर्णय आज बरोबर वाटतो.

प्यादं

मी नवीन आहे. क्रुसेडर किंग्ज ३ घेऊन महिना झाला. एक साधी शंका: राजा मेला की राज्य मुलांत वाटलं जातं, ते इतिहासात खरंच होतं की मोठ्या राज्याला खाली खेचायला ठेवलेली युक्ती आहे? माझं तीनदा वाटोळं झालंय त्यात.

मोहीमवेडी

@प्यादं, खरंच होतं. ८४३ चा व्हर्दाँचा तह बघा, शार्लमेनच्या तीन नातवांनी साम्राज्याचे तीन तुकडे केले. पण खेळ वाटणी करतो ती आपल्या पद्धतीने. सगळ्यांत वरचा किताब थोरल्याला, खालचे धाकट्यांना. विल्यमने १०८७ ला मरताना काय केलं? थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी, कारण ती वडिलोपार्जित. इंग्लंड मिळवलेलं होतं, ते मधल्या विल्यम रूफसला. धाकट्या हेन्रीला नुसते पैसे. थोरला ड्यूक झाला आणि धाकटा राजा! वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित हा फरक खेळाला माहीतच नाही. आणि तो पैसेवाला हेन्री ११०६ ला तँशब्रेला रॉबर्टला पकडतो आणि दोन्ही मुलूख पुन्हा एक करतो.

दुसरीकडे फ्रान्स. थोरल्याला सगळं, हा तिथे कुणी फर्मान काढून आणलेला कायदा नव्हता. ह्यू कापे ९८७ ला निवडून राजा झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याने मुलगा रोबेरच्या डोक्यावर मुकुट ठेवून घेतला. बाप जिवंत असतानाच मुलगा राजा, मग निवडणूक कशाची करणार? पुढच्या राजांनी तेच केलं, थेट ११७९ च्या फिलिप ऑग्युस्तपर्यंत. १३१६ पर्यंत प्रत्येक राजाला मुलगा होत गेला हे त्यांचं नशीब. तीनशेहून अधिक वर्षांच्या सवयीचा कायदा झाला.

खेळात आपण काय करतो? ठरावीक संशोधन लागायची वाट बघतो आणि कायदा बदलायचं बटण दाबतो. तोपर्यंत धाकट्यांना मठात पाठवतो नाहीतर वारसाहक्कातून काढतो. मला वाटणी हा उत्तम ब्रेक वाटतो, पण त्यातून सुटायची वाट कापेसारखी हवी होती. दर पिढीला थोडी खटपट, कुणाला तरी राजी करणं, आणि ती खटपट एकदा चुकली तर परत शून्यावर.

अडीच घरं

मी छोटे मॉड (खेळात आपण घातलेले बदल) करतो, म्हणून आतल्या बाजूने थोडं सांगतो. धागाकर्त्यांच्या इच्छा मला मान्य आहेत, पण त्या का होत नाहीत यामागे आळस नाही.

तुलूझचं उदाहरण घ्या. क्रुसेडर किंग्जमध्ये एका पात्राला एकच लीज, म्हणजे वरचा धनी, असतो. सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे: कर कुणाला जाणार, लेव्ही कुणाला मिळणार, बंड कुणाविरुद्ध, नकाशावर रंग कुणाचा. दुसरा हेन्री इंग्लंडचा स्वतंत्र राजा आणि त्याच वेळी नॉर्मंडीपुरता फ्रान्सच्या राजाचा माणूस, हे त्या रचनेत बसतच नाही. त्यामुळे १२०२ सुद्धा बसत नाही. इंग्लंडच्या जॉन राजाने लुझिन्याँच्या ह्यूची ठरलेली वधू पळवली, लुझिन्याँवाले दाद मागायला फ्रान्सच्या फिलिप राजाकडे गेले, फिलिपने जॉनला आपला सरदार म्हणून दरबारात बोलावलं, तो आला नाही आणि त्याचे फ्रान्समधले मुलूख जप्त ठरले. १२०४ ला नॉर्मंडी गेली. फौजेच्या आधी इथे कायद्याने काम केलं. खेळात फिलिपला नॉर्मंडीवर दावा तयार करून युद्ध पुकारावं लागतं, म्हणजे गोष्टीचा गाभाच गेला.

आता चाळीस दिवस. मी एकदा करून बघितलंय. लेव्ही ठरावीक दिवसांनी महाग होत जातील अशी सोय लिहिली. माणूस खेळताना छान चाललं. मग खेळ ऑब्झर्व्ह मोडमध्ये रात्रभर सोडला, म्हणजे खेळाडू कुणीच नाही, सगळे एआय. सकाळी बघतो तर मोठी राज्यं कर्जात बुडालेली. एआय वेढा घालतो, मुदत संपते, खर्च वाढतो, तरी तो उठत नाही, कारण 'आता परत जावं' हा विचार त्याला कुणी शिकवलेलाच नाही. जे बंधन माणसाला विचार करायला लावतं तेच एआयला मारतं. मग मॉड करणारा काय करतो? एआयला त्या नियमातून सूट देतो. आणि सूट दिली की खेळणारा म्हणतो, एआय फसवतोय.

म्हणून ग्रँड स्ट्रॅटेजीत नवा नियम किती खरा आहे याच्या आधी मी एकच बघतो: एआयला तो झेपेल का? न झेपणारा खरा नियम खेळाला आणखी खोटा करतो. माहिती झाकायचंही तसंच आहे. आपल्यापासून आकडे लपवणं सोपं, पण एआयला अंदाजावर निर्णय घ्यायला लावणं महाकठीण.

एक चांगली गोष्टही सांगतो. २०२३ मध्ये टूर्स अँड टूर्नामेंट्स या विस्ताराबरोबर प्रवास आला. राजा खरोखर नकाशावर चालत जातो, वाटेत आजारी पडतो, लुटला जातो, महिने लागतात. त्याआधी माझा राजा एकाच दिवशी सगळीकडे असायचा. हा बदल एआयलाही झेपला. म्हणजे दार बंद नाही.

तटावरून

@अडीच घरं, मनापासून आभार. एआयची बाजू मी विचारातच घेतली नव्हती.

पण मग खेळाने शेवट तरी इतका स्वच्छ करू नये. युद्धात शत्रूचा राजा पकडला की वॉरस्कोअर (युद्ध किती जिंकलं याचा आकडा) थेट शंभर, युद्ध संपलं, ज्यासाठी लढलो तेवढं मिळालं, घरी चला. २६ ऑगस्ट १०७१, मांझिकर्टची लढाई. बायझंटियमचा सम्राट चौथा रोमानोस तुर्की सुलतान अल्प अर्सलानच्या हाती सापडला. सुलतानाने त्याला आठवड्याभरात तह करून सोडूनही दिलं. खेळाच्या हिशोबाने बायझंटियमचं थोडंसंच गेलं. प्रत्यक्षात रोमानोस परत येईपर्यंत कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याला पदावरून काढलं होतं. यादवी झाली, त्याचे डोळे काढले, त्यात तो मेला. पुढची दहा वर्षं एकेक दावेदार गादीसाठी लढत राहिला, सरहद्दीवरचं सैन्य राजधानीकडे ओढत राहिला, तुर्की टोळ्यांना भाड्याने आत बोलावत राहिला. अनातोलिया गेली ती त्या दहा वर्षांत. लढाई एका दिवसाची होती.

आणि याच्या अगदी उलट १३५६ ची प्वातियेची लढाई. फ्रान्सचा दुसरा जाँ पकडला गेला, आणि युद्ध संपलं नाही. १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहात तीस लाख एकूची खंडणी ठरली, मुलूख ठरले, पुढे त्यातलं बरंच पाळलं गेलं नाही आणि लढाई परत पेटली. दोन राजे पकडले गेले आणि दोन्हीकडे परिणाम वेगळे, कारण मागे राहिलेली माणसं वेगळी वागली. खेळातला प्रत्येक राजा मात्र पकडला गेला की सारखाच.

मोहीमवेडी, तुमचा व्हाइट शिपचा मुद्दा मी मान्य करतो. मला अपघात नकोतच. मला माणसं हवी आहेत. स्टीफनने शपथ मोडली, हे जहाज बुडण्याइतकं आंधळं नव्हतं. ते आधी दिसू शकलं असतं.

उत्तरपक्ष

इथे सगळी उदाहरणं इंग्लंड-फ्रान्सचीच आहेत, म्हणून एक वेगळं. क्रुसेडर किंग्ज २ ला २०१४ मध्ये राजाज ऑफ इंडिया हा विस्तार आला आणि नकाशा भारतापर्यंत पोहोचला, तिसऱ्यात तो सुरुवातीपासूनच आहे. पण 'घराणं' मोजायची पट्टी तीच राहिली. १०७० ला चोळांच्या गादीवर बसलेला पहिला कुलोत्तुंग वेंगीच्या पूर्व चालुक्य राजाचा मुलगा, आई चोळ राजकन्या. तो आणि त्याच्या मागून आलेले स्वतःला चोळच म्हणवत राहिले. खेळाच्या हिशोबाने १०७० ला चोळ संपले आणि चालुक्य आले. जगाला जे सातत्य वाटत होतं ते खेळाला घराणेबदल वाटतो. आईकडून वंश चालवायचं लग्न खेळात आहे, पण ते लग्नाच्या वेळीच ठरवावं लागतं. कुलोत्तुंगासारखं गादीवर बसताना 'मी यांचाच' म्हणायची सोय नाही. बॅलन्सला यात काही धोका दिसत नाही, म्हणून ती नसल्याचं जास्त वाईट वाटतं.

दप्तरदार

धागाकर्त्यांनी वर आकड्यांच्या दंडांबद्दल लिहिलं, त्यावर जुन्या लोकांना कॉन्क्लेव्ह हा विस्तार आठवेल. २०१६, क्रुसेडर किंग्ज २. फार झपाट्याने वाढणाऱ्या राज्याविरुद्ध बाकीचे आपोआप संरक्षण करार करू लागले. स्नोबॉल, म्हणजे मोठं राज्य आणखी मोठं होत जाणं, थांबवायचा हेतू उघड होता. पण त्यात एकमेकांचे हाडवैरी, वेगवेगळ्या धर्मांचे, हजार मैलांवरचे राजे एका बाजूला यायचे, कारण एक आकडा वाढला होता. केवढा गदारोळ झाला होता. पुढे गेम रूल्समध्ये ते बंद करायची सोय आली आणि मी ती लगेच वापरली.

एकजूट झाल्याचा राग आला नव्हता. बुव्हिनची लढाई वाचा, १२१४. फिलिप ऑग्युस्त फार मोठा झाला म्हणून जॉन, सम्राट चौथा ओटो, फ्लँडर्सचा काउंट एकत्र आले. पण प्रत्येकाचं फिलिपशी स्वतःचं भांडण होतं आणि जॉनने ती मोट बांधायला पाण्यासारखा पैसा ओतला होता. तरी ती मोट एका दुपारी फुटली. खेळाने एकजूट दिली, पण भांडणं दिली नाहीत, पैसा मागितला नाही, फुटायची शक्यता ठेवली नाही.

युरोपा युनिव्हर्सलिस ४ या खेळातली लकी नेशन्स (नशीबवान देश) ही त्याच्या उलट टोकाची गोष्ट. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो, वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. इतिहासात जे देश मोठे झाले त्यांना एआयच्या हातात असताना बोनस मिळतात, म्हणजे नकाशा ओळखीचा राहतो. इथे निकाल खरा ठेवायला कारणं खोटी केली आहेत. मला कारणं खरी आणि निकाल कुठलाही चालेल. मांझिकर्ट बायझंटियमने जिंकलं तरी हरकत नाही, फक्त जिंकल्यावर राजधानीतले दुकास (रोमानोसला हटवणारं घराणं) गप्प बसू नयेत.

अडीच घरं

@दप्तरदार, शेवटचं वाक्य +१. मॉड करताना मला नेमकं हेच शब्दांत सापडत नव्हतं.

तटावरून

तीन आठवडे इथे आलो नाही कारण खेळत होतो. तोच विल्यम, पहिल्या दिवसापासून, पण चार नियम स्वतःवर घालून. लेव्ही चाळीस दिवसांनी सोडायच्या आणि त्या वर्षात परत उभ्या करायच्या नाहीत, पुढे मेन-ॲट-आर्म्स (राजाचे कायमचे सैनिक) आणि भाडोत्रींवर भागवायचं. मोहिमेत राजा स्वतः हवा. युद्ध पुकारण्याआधी शत्रूच्या फौजेचा आकडा बघायचा नाही. मुलगा कितीही नालायक असो, त्याला वारसाहक्कातून काढायचं नाही.

अडीच घरं म्हणाले तसं एआयला यातलं काहीच लागू नाही, आणि हे नियम माझ्या बाजूनेच आहेत हे मला मान्य आहे. तरी सांगतो काय झालं.

इंग्लंड मिळालं, पण फार जवळून. हेस्टिंग्जच्या लढाईनंतर वेढ्यांना दिवस पुरेनात. चाळिसाव्या दिवशी लेव्ही सोडल्या आणि उरलेली माणसं किल्ल्याला वेढा घालायला लागतात त्या किमान संख्येच्याही खाली गेली. वेढा जागीच थांबला. भाडोत्री घेतले, तिजोरी रिकामी. मुकुट डोक्यावर आला तेव्हा माझ्याकडे एका महिन्याचा पगार उरला होता.

मग वेल्स. आधीच्या खेळात वेल्स मी दोन वर्षांत घेतलं होतं. या वेळी पहिल्या उन्हाळ्यात एक किल्ला, दुसऱ्या उन्हाळ्यात तोच किल्ला परत, कारण मधल्या हिवाळ्यात त्यांनी तो सोडवून घेतला होता. तिसऱ्या वर्षी मी वेढा घालायचा नाद सोडला आणि सरहद्दीवरच्या तीन परगण्यांत किल्ले बांधून तिथे तीन सरदार बसवले. बांधून झाल्यावर लक्षात आलं की खऱ्या विल्यमनेही वेल्सच्या सरहद्दीवर चेस्टर, श्रूझबरी आणि हेरफर्डला आपले अर्ल बसवले होते. मी वाचून केलं नव्हतं. दुसरा रस्ताच उरला नव्हता म्हणून केलं.

विल्यम १०८३ ला गेला. इंग्लंड थोरल्या रॉबर्टकडे, नॉर्मंडी धाकट्याकडे व्हॅसल म्हणून. मोहीमवेडींनी सांगितलं तसं इतिहासाच्या उलट. धाकट्याचा माझ्यावर राग आहे हे कळतं, पण किती ते मी बघितलेलं नाही, चेहऱ्यावर माउस न नेण्याचा नियम मधेच वाढवला. आत्ता १०९४ चालू आहे. माझ्याकडे इंग्लंड आहे, वेल्सचा एक तुकडा आहे आणि नॉर्मंडी आहे की नाही ते ठाऊक नाही. आधीच्या खेळात या वर्षी माझा मुलूख याच्या दुप्पट होता आणि मला कंटाळा यायला लागला होता. आज सकाळी उठल्यावर पहिला विचार नॉर्मंडीचा आला.

सेव्ह फाइल देतो. पुढची दहा वर्षं कुणी चालवणार का? मग ती पुढच्याकडे.

प्यादं

चाळीस दिवसांचा नियम मी पण लावून बघितला, आयर्लंडमध्ये. तिथे किल्ले लहान आहेत, जमतं. वाटणीत चौथ्यांदा वाटोळं झालं पण या वेळी भावाशी लढून अर्धं परत घेतलं.

मोहीमवेडी

सेव्ह मला द्या. नियम तेच ठेवीन, एक सोडून. रॉबर्टच्या धाकट्या भावाला मी भेटायला जाणार आहे, प्रवास करून, स्वतः. युद्ध पुकारायच्या आधी एकदा समोर बसवून बघायचंय. ११०४ ला फाइल अडीच घरं यांच्याकडे.